डेंजरस डेव्ह: दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा होता का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललेलं जवळजवळ तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'काय म्हणतो मी' थोडे कमी केलेत.)



नेसरीहून बोलतोय. गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी, प्रतापराव गुजरांच्या खिंडीचं नेसरी. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर समजून घ्या. लाईट गेली तर एपिसोड तिथंच थांबेल, हेही आधीच सांगून ठेवतो.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. मागच्या एपिसोडमध्ये मी बोलता बोलता म्हणालो की डेंजरस डेव्हचा दुसरा भाग लोकांनी उगाच खाली पाडलाय. त्यावर एका श्रोत्यानं लिहिलं, 'भावा, दुसरा भाग कितीही चांगला असू दे, डेव्ह म्हणजे पहिलाच.' दुसऱ्यानं लिहिलं, 'तुम्हा लोकांचा हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे. लहानपणी खेळलात म्हणून भारी वाटतो.' दोघांचंही म्हणणं तपासून बघण्यासारखं आहे. म्हणून आज नीट बसून तपासू. उडी मारायच्या एका गेमचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का, हे ठरवायचं कसं? आणि डेव्हच्या बाबतीत उत्तर काय येतं?

ज्यांना डेव्ह माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डोक्यावर टोपी घातलेला एक छोटा माणूस. त्यानं उड्या मारत कप मिळवायचा आणि दारातून बाहेर पडायचं. बस्स. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळेत कॉम्प्युटरचा तास ज्याला मिळाला, किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये दादा-ताईच्या मागे जो जाऊन उभा राहिला, त्याला हा गेम कुठं ना कुठं भेटलाय. कुणी सीडीवरून आणायचं, कुणी पेन ड्राईव्हवरून. फाईल इतकी लहान की फ्लॉपीतही मावायची. इन्स्टॉल वगैरे भानगड नाही. कॉपी केली, डबल क्लिक केलं, की पडदा काळा आणि डेव्ह हजर.

आता आधी मोजपट्टी ठरवू.

पार्ट टू म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. 'झपाटलेला' १९९३ चा. 'झपाटलेला २' आला २०१३ मध्ये, बरोबर वीस वर्षांनी. तात्या विंचू होता, महेश कोठारे होते, वर थ्रीडी होतं. पण लक्ष्या नव्हता, तो २००४ मध्येच गेला. म्हणजे तंत्र वाढलं, बाहुला तोच राहिला, आणि ज्याच्या घाबरण्यावर आपण हसायचो तो माणूसच नव्हता. मी त्या सिनेमाला नावं ठेवत नाही. पण त्यातून एक प्रश्न मिळतो, तो गेमलाही लागू पडतो: पहिल्या भागाचा जीव कशात होता?

हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, तो जीव दुसऱ्या भागात राहिला का? आणि तिसरा, जे नवीन आणलं ते त्या जिवाला पोसतं की त्याच्या उरावर बसतं? ग्राफिक्स किती सुधारले, लेव्हल किती वाढल्या, हे सगळं नंतर. आमच्याकडे ऑफिसात नवीन व्हर्जन निघतं तेव्हा फीचरची यादी लांबलचक असते, आणि युजर विचारतो, 'ते जुनं बटण कुठं गेलं?' तसंच हे.

चला, पहिला डेव्ह.

हा गेम जॉन रोमेरो नावाच्या माणसानं १९८८ मध्ये केला. तोच रोमेरो, ज्यानं पुढे 'डूम' करणाऱ्या टीममध्ये काम केलं. आणि गंमत बघा, डेव्ह हा मुळात मोठा गेम म्हणून केलेलाच नव्हता. रोमेरोनं ॲपल टू कॉम्प्युटरवरच्या बेसिक भाषेला ग्राफिक्सची जोड देणारं एक साधन लिहिलं होतं, ग्राबेसिक. त्यावरचा लेख 'अपटाईम' नावाच्या डिस्कवर निघणाऱ्या मासिकासाठी होता, आणि लेखासोबत उदाहरण म्हणून हा गेम दिला. म्हणजे आपल्या पुस्तकात धड्याखाली 'सोडवलेले उदाहरण' असतं ना, तसा. पुढे तो डॉसवर आला आणि तोच आपल्या लॅबमध्ये पोचला.

आता त्याच्या आत बघू. पडदा ३२० बाय २०० पिक्सेलचा. लेव्हल चौकोनांची बनलेली, एका वेळी आडवे २० आणि उभे १० चौकोन दिसतात. लेव्हल एकूण १०. पहिली लेव्हल एकाच पडद्यात संपते. तिथं कुणी मारायलाही येत नाही, फक्त हिरे, कप आणि दार. एक लेव्हल झाली की डेव्ह एका बोळातून चालत जातो आणि वर लिहून येतं की शाब्बास, आता फक्त नऊ राहिल्या. पुढे आग येते, हलणारं गवत येतं, ठरलेल्या वाटेनं घिरट्या घालणारे कोळी येतात. कुठं बंदूक मिळते, कुठं पाठीवर लावून उडायचं यंत्र.

पण जीव उडीत आहे. डेव्हची उडी मारिओसारखी नाही. मारिओत बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच जाते, कमी दाबलं तर बुटकी. पळत येऊन मारली तर लांब. डेव्हमध्ये तसलं काही नाही. बटण कसंही दाबा, उडी तेवढीच. आणि वर जाताना जो वेग, खाली येतानाही तोच. आपल्या फिजिक्सच्या सरांनी बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता, कारण खाली पडणारी वस्तू वेग घेते आणि डेव्ह घेत नाही. तो लिफ्टसारखा वर जातो आणि लिफ्टसारखा खाली येतो.

हा दोष वाटेल. खरं तर सगळी मजा यातच आहे. उडी नेहमी सारखी, कोळ्याची वाट नेहमी सारखी, म्हणून तुम्ही हिशोब करू शकता. 'इथनं उडालो तर तिथंच पडणार.' नशिबाचा भाग जवळजवळ शून्य. मेलात तर कोळी आडवा आला म्हणून मेलात असं म्हणता येत नाही, तुम्ही चुकीच्या वेळी उडालात. माझी चुलत ताई, जिच्यामुळे मी क्लासमध्ये घुसायचो, ती म्हणायची, 'हा गेम नाही रे, हे गणित आहे.'

आणि दुसरी गोष्ट, जी गेम करणाऱ्याच्या मनातही नसेल. आमच्याकडे एका कॉम्प्युटरला चार-पाच पोरं असायची. त्यात लोडशेडिंग. तास पंचेचाळीस मिनिटांचा आणि त्यातली वीस मिनिटं लाईट. नियम एकच, मेला की उठायचं. आता पडदा स्थिर आहे, कप कुठं आहे ते सगळ्यांना दिसतंय, आग कुठं आहे तेही दिसतंय. डेव्ह कडेला गेला की पडदा एकदम ढकलल्यासारखा पुढे सरकतो आणि परत थांबतो. म्हणजे मागं उभ्या असलेल्या पोरांनाही विचार करायला वेळ आहे. 'थांब, कोळी वर जाऊ दे. आत्ता उड! अरे आत्ता!' हातात कीबोर्ड एकाच्या, पण खेळतायत पाचजण. कॉम्प्युटर कमी होते म्हणून आम्ही असं खेळलो, आणि हा गेम तसं खेळू देत होता.

तर पहिल्याचा जीव हा: हिशोब करता येईल अशी उडी, आणि सगळ्यांना दिसेल असा पडदा.

आता दुसरा भाग. आणि त्याआधी एका रात्रीची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय दुसरा भाग कळत नाही.

सप्टेंबर १९९०. अमेरिकेत सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत रोमेरो कामाला होता. त्याच्यासोबत जॉन कार्मॅक, टॉम हॉल, एड्रियन कार्मॅक. त्या काळी टीव्हीला जोडायच्या निन्टेंडोवर मारिओ धावला की मागचं जग लोण्यासारखं सरकायचं. पीसीवर तसं होत नव्हतं. कारण दर वेळी सगळा पडदा नव्यानं रंगवायला त्या मशीनला दम नव्हता. म्हणून तर डेव्हचा पडदा ढकलल्यासारखा सरकतो.

कार्मॅकनं युक्ती काढली. पडदा चौकोनांचा बनलाय ना? मग जग एक चौकोन पुढे सरकलं तेव्हा आकाशाच्या जागी परत आकाशच येणार. ते कशाला रंगवायचं? जे चौकोन खरंच बदलले तेवढेच रंगवा, आणि मधलं बारीक सरकणं ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्या. भिंतीचा फक्त पोपडा उडालेला भाग रंगवावा, तसं. कार्मॅक आणि टॉम हॉलनं एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली लेव्हल पीसीवर हुबेहूब उभी केली. फक्त मारिओच्या जागी आपला डेव्ह ठेवला. त्याला नावही दिलं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराईट इन्फ्रिंजमेंट', म्हणजे सरळ 'हक्कभंगात डेव्ह'. सकाळी रोमेरोच्या टेबलावर फ्लॉपी. त्यानं चालवून बघितली आणि त्याला कळलं की आता आपण इथं राहत नाही.

त्यांनी ते निन्टेंडोला दाखवलं, निन्टेंडोनं नको म्हटलं. मग त्याच युक्तीवर त्यांनी स्वतःचा गेम केला, 'कमांडर कीन'. तो १४ डिसेंबर १९९० ला आला. १९९१ च्या सुरुवातीला त्यांनी आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. पण जुन्या कंपनीला काही गेम करून द्यायचे कबूल केलं होतं. त्या कबुलीतला एक म्हणजे 'डेंजरस डेव्ह इन द हाँटेड मॅन्शन', १९९१.

म्हणजे बघा, पहिला भाग एका माणसानं लेखाचं उदाहरण म्हणून केला. दुसरा भाग चौघांनी देणं फेडायला केला. कागदावर बघितलं तर दुसरा भाग पाट्या टाकल्यासारखा व्हायला हवा होता.

झाला नाही.

गोष्ट साधी. डेव्हचा भाऊ डेल्बर्ट भुताटकीच्या वाड्यात अडकलाय, त्याला सोडवायचं. लेव्हल आठ. डेव्ह आता मोठा दिसतो, चेहरा आहे, हातात शॉटगन आहे. वाड्यात दारं आहेत, ती उघडून खोल्यांत जाता येतं. पडदा लोण्यासारखा सरकतो. झोंबी आहेत, आणि रक्त आहे. डेव्ह मेला की तो कसा मेला हे जवळून दाखवतात. आमच्या क्लासमध्ये ते पहिल्यांदा बघून एक पोरगं उठून बाहेर गेलं होतं.

आता बरेच जण इथं म्हणतात, 'बंदूक आली, संपला डेव्ह. उडीचा गेम राहिलाच नाही.' मी पण बराच काळ हेच ऐकत होतो. पण गेम नीट बघा. बंदूक आहे, पण उडी मारताना गोळी झाडता येत नाही. काही गोळ्या झाल्या की बंदूक पुन्हा भरावी लागते, आणि तेवढा वेळ डेव्ह जागेवर. आणि एक स्पर्श झाला की खेळ खलास, पहिल्या भागासारखंच. म्हणजे झोंबी समोरून येतोय. तुम्ही ठरवायचं, उडायचं की झाडायचं? दोन्ही एकदम होणार नाही. आत्ता भरून घ्यायची की पुढच्या खोलीत? तिथं दोघे असले तर?

पहिल्या भागात प्रश्न होता 'आता उडू की थांबू'. दुसऱ्यात प्रश्न झाला 'आता झाडू की थांबू'. तोच हिशोब, दुसऱ्या अंगात. ज्यानं हे ठरवलं त्याला पहिल्या डेव्हचा जीव माहीत होता. नाहीतर उडता उडता गोळ्या मारू दिल्या असत्या, ते करायला सोपं होतं आणि विकायलाही. 'कॉन्ट्रा' आठवा, टीव्ही गेमच्या कॅसेटवरचा. तिथं उडी, कोलांटी आणि गोळीबार सगळं एकदम. मजा येते, पण ती मजा वेगळी. डेव्हला तिकडं नेलं नाही, याला मी मोठं मानतो.

तुलनेला दुसरी टोकाची केस घ्या. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. १९८६ मध्ये जपानात त्याचा दुसरा भाग आला. दिसायला जवळजवळ तोच, पण भयंकर अवघड. मशरूम खावं तर ते विषारी निघतं, मधेच वारा येऊन उडी भरकटवतो. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या लोकांना तो इतका अवघड वाटला की त्यांनी तो तिकडे काढलाच नाही. १९८८ मध्ये 'डोकी डोकी पॅनिक' नावाच्या वेगळ्याच जपानी गेममध्ये मारिओची माणसं बसवून तो 'मारिओ २' म्हणून विकला. म्हणजे एका गेमचे दोन दुसरे भाग. एकानं सगळं तसंच ठेवलं आणि फक्त छळ वाढवला. दुसऱ्यानं नाव ठेवलं आणि गेमच बदलला. मला वाटतं बहुतेक पार्ट टू या दोन खड्ड्यांपैकी एकात पडतात. हाँटेड मॅन्शन दोन्हींच्या मधून गेला.

मग नॉस्टॅल्जियाचं काय? त्या श्रोत्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून मी एक प्रयोग केला. माझा भाचा अकरा वर्षांचा. मोबाईलवर बंदुकीचे गेम खेळण्यात वस्ताद. सुट्टीत आला होता. लॅपटॉपवर दोन्ही डेव्ह टाकले आणि काही न सांगता त्याच्यासमोर ठेवले. कुठला जुना, कुठला नवा, मामाला कुठला आवडतो, काही नाही. मोठा प्रयोग नाही हा, एका पोराचा आहे. तेवढंच वजन द्या.

आधी त्यानं दुसरा भाग उघडला. चित्रं चांगली म्हणून. पहिली लेव्हल पार केली, खूश झाला. मग पहिला भाग उघडला, हसला. 'मामा, हे काय, ठोकळे ठोकळे?' आणि मग तो त्याच ठोकळ्यांवर दीड तास बसला. मी विचारलं, यातच का? म्हणाला, 'त्यात वरच्या खोलीत काय आहे ते कळत नाही. ह्यात सगळं दिसतंय, तरी मी मरतोय.' थोड्या वेळानं त्याची आज्जी मागं येऊन उभी राहिली. तिला गेममधलं काही कळत नाही. पाच मिनिटांत ती म्हणायला लागली, 'अरे ते किडं वर जाऊ दे की आधी!'

तिथं मला उत्तर मिळालं. पहिल्या भागाचा अर्धा जीव, म्हणजे हिशोब, तो दुसऱ्या भागात शाबूत आहे. दुसरा अर्धा, सगळ्यांना दिसणारा पडदा, तो गेला. आणि तो गेला नेमका त्या सुंदर सरकत्या पडद्यामुळे. ज्या युक्तीनं दुसरा भाग शक्य झाला, तिनंच मागं उभ्या पोरांचा खेळ काढून घेतला. पडदा सतत सरकतोय, खोल्या दारामागं लपल्यात, पुढे काय आहे ते खेळणाऱ्यालाच माहीत नाही, तर मागचा काय सांगणार? मागचे फक्त बघे झाले. आमच्या क्लासमध्ये दुसरा डेव्ह लावला की गर्दी जमायची खरी, पण गप्प असायची. सिनेमाला असते तशी. ताईनं तो शेवटपर्यंत संपवला होता, एकटीनं, क्लास सुटल्यावर. तिचं मत होतं, 'पहिला गणित, दुसरा गोष्ट. गोष्ट एकट्यानं वाचायची असते.'

हा नॉस्टॅल्जिया नाही. भाच्याला कुठला आलाय नॉस्टॅल्जिया? गेमच्या रचनेतला हा फरक आहे, आणि तो आजही दिसतो.

तर माझा निकाल. एकट्यानं बसून खेळायचा असेल, तर दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे, बऱ्याच बाबतीत सरस आहे. आवाज, हालचाल, वाड्यातली भीती, झाडू-की-उडूचा हिशोब, सगळं विचार करून केलेलं आहे. त्याला 'बंदूकवाला डेव्ह' म्हणून बाजूला सारणं हा अन्याय आहे. पण दोघा-चौघांत बसून खेळायचा असेल, तर पहिल्याला तोड नाही. आपल्याकडे तो घराघरांत लक्षात राहिला, कारण आपण तो चौघांतच खेळलो. 'डेव्ह म्हणजे पहिलाच' म्हणणारा श्रोता बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे.

त्यानंतरही डेव्ह आले. १९९३ मध्ये 'रिस्की रेस्क्यू' आणि 'डेव्ह गोज नट्झ'. सॉफ्टडिस्कनंच काढले, पण ही चौकडी त्यात नव्हती. ते लोक तोवर 'वुल्फेन्स्टाईन' करून 'डूम'मध्ये बुडाले होते. रिस्की रेस्क्यूमध्ये परत डेल्बर्टच पळवलेला. एक भाऊ किती वेळा सोडवायचा? इथं मोजपट्टी लावली तर नाव उरलं, टोपी उरली, एवढंच.

तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात आहात, काहीजण गेम करायच्या नादात आहात. मला मेसेज येतात, 'दादा, मोठं इंजिन शिकू का, थ्रीडी शिकू का?' शिका की. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला, जगभर खेळला गेला, म्हणजे इथून होतं हे दिसलंय. पण सुरुवात डेव्हसारखी करा. वीस बाय दहा चौकोन. एक माणूस, एक उडी, एक कप, एक दार. उडी बरोबर जमेपर्यंत दुसरं काही लावू नका. मग गावातल्या चार पोरांना बोलवा, एकाच लॅपटॉपसमोर बसवा, आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, मागच्या पोरांकडे बघा. ती ओरडतायत का बघा. ओरडत असतील तर पार्ट टूचा विचार करायला हरकत नाही.

खेळून बघायचं असेल तर एक तांत्रिक गोष्ट. आताच्या ६४ बिटच्या विंडोजवर हे गेम सरळ चालत नाहीत, कारण ते १६ बिटच्या जमान्यातले. डॉसबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, ते जुन्या कॉम्प्युटरचं सोंग आणतं. मोबाईलवरही तसली ॲप्स आहेत, पण खरं सांगतो, काचेवर बोट ठेवून डेव्हची उडी जमत नाही. कीबोर्ड घ्या. बाणाची बटणं लागतात, कंट्रोलनं गोळी, ऑल्टनं उडायचं यंत्र. आणि शक्य असेल तर एकट्यानं बसू नका.

पुढच्या एपिसोडात प्रिन्स ऑफ पर्शिया. १९८९ च्या पहिल्या भागात ६० मिनिटं, १९९३ च्या दुसऱ्यात ७५. पंधरा मिनिटं जास्त मिळाली, तर गेम सोपा झाला की अवघड, हे बघू. तोवर तुम्ही कुठला डेव्ह कुणाबरोबर खेळलात ते लिहून कळवा. कुणाबरोबर, हे विसरू नका, मला तेच वाचायचंय.

लाईट अजून आहे, म्हणजे नशीब जोरावर आहे. येतो मग. राम राम!